ओ दिली का?

प्लेट वाळली होती. मोजणीताईंनी ती दिव्याखाली धरली, चष्मा कपाळावर सरकवला आणि सवयीप्रमाणे दुसऱ्या ओळीपासून मोजायला घेतलं. पहिली ओळ त्या नेहमी शेवटी ठेवत. तिच्यातले पहिले तीन खळगे त्यांचे स्वतःचे असत, आणि घरी जसं आपलं ताट सगळ्यांत शेवटी, तसंच इथेही.

दुसऱ्या ओळीतल्या माणसाचे ठिपके सुरेख उठले होते. एकशे चार. अठ्ठ्याण्णव. एकशे अकरा. तिसऱ्या ओळीतला जरा कंजूष होता, पण सत्तरच्या वरच. चौथी, पाचवी, सहावी, सातवी. सगळं रीतसर. शेवटी ताईंनी प्लेट फिरवून पहिली ओळ समोर आणली.

चार. सहा. तीन.

त्यांनी चष्मा पुन्हा नाकावर घेतला. काच पुसली. प्लेट तिरपी करून पाहिली. पांढऱ्या पडद्यावर चार निळे ठिपके, एकमेकांपासून लांब लांब, रिकाम्या मैदानात चुकलेली माणसं उभी असावीत तसे.

"ओ दिली का?" दारातून टाकीवाल्यांनी विचारलं.

प्रयोगशाळेत हा प्रश्न नेहमीचा होता आणि तो शब्द ताईंचाच होता. टायफॉइडची नवी लस घेतलेल्या माणसांचं रक्त इथे यायचं. त्यातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या काढायच्या, प्लेटच्या चिमुकल्या खळग्यांत सोडायच्या आणि त्यांच्यापुढे त्या जंतूचा एक निर्जीव तुकडा टाकायचा. ज्या पेशीला लशीची आठवण असेल ती तो तुकडा ओळखते आणि आपल्याभोवती एक द्रव सोडते. दुसऱ्या दिवशी रंग घातला की त्या जागी निळा ठिपका उठतो. एक ठिपका म्हणजे ओळखणारी एक पेशी. मोठी माणसं ह्याला इंग्रजीत लांबलचक काही म्हणत. ताई म्हणत, पेशीने ओ दिली. हळूहळू सगळेच तसं म्हणायला लागले. एकदा तर प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम परदेशातल्या पाहुण्यांसमोर बोलता बोलता "ओ" म्हणून गेल्या आणि मग त्यांना तो शब्द समजावून सांगताना त्यांची धांदल उडाली.

"सगळ्यांनी दिली," ताई म्हणाल्या.

"मग तोंड असं का? मशीनने जास्त मोजले वाटतं तुमच्यापेक्षा?"

"मशीनचं काय, त्याला धुळीचा कणही ओ देतो." हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. ते तोंडातून आपोआप आलं. मग त्या म्हणाल्या, "सगळ्यांनी दिली. मी सोडून."

टाकीवाले आत आले. सहा फूट उंच, वाकून चालणारा माणूस. द्रव नायट्रोजनच्या चार टाक्या त्यांच्या ताब्यात. प्रयोगशाळेतली प्रत्येक गोठवलेली पेशी त्यांच्या हातून आत जायची आणि त्यांच्या हातून बाहेर यायची. त्यांनी प्लेटकडे पाहिलं आणि हसले.

"तुम्ही आणि गप्प? फेकून द्या ती प्लेट, ताई. खोटं बोलतेय."

ताईही हसल्या. पण हसताना त्यांनी प्लेट टेबलावर ठेवली.

प्लेट फेकूनच द्यावी लागणार होती. नियमच तसा होता. प्लेट खराब निघाली, रंग बिघडला, तर ते कळावं म्हणून प्रत्येक प्लेटमध्ये एका अशा माणसाच्या पेशी घालायच्या ज्या नक्की ओळखणार हे आधीच ठाऊक आहे. त्यांनी ओ दिली तर प्लेट खरी. चाळीसच्या खाली ठिपके आले तर सगळी प्लेट बाद. हा ठाऊक असलेला माणूस म्हणजे ताई. लशीचं पहिलं रूप आलं तेव्हा, एकवीस वर्षांपूर्वी, प्रयोगशाळेतल्या सगळ्यांच्या आधी त्यांनी दंड पुढे केला होता. तेव्हापासून दर सहा महिन्यांनी त्या रक्त देत, त्यातल्या पेशी व्हायल नावाच्या छोट्या कुप्यांत भरून टाकीत जात, आणि लागेल तशी एकेक व्हायल बाहेर निघे. रजिस्टरात त्यांचं नाव नव्हतं. नुसतं 'क-१'. क म्हणजे कंट्रोल.

मॅडम आल्या, वाकून पाहिलं. वयाने ताईंपेक्षा बारा वर्षांनी लहान, पण खुर्ची मोठी.

"नवी बॅच ना ही कंट्रोलची? पहिल्यांदाच काढली?"

"हो. पाच आठवड्यांपूर्वी गोठवलेली."

"मग बॅचच गेली असणार. उद्या परत लावा. नव्या बॅचच्या आणखी दोन व्हायल, आणि जुन्या राखीवमधल्याही घ्या जोडीला." मग टाकीवाल्यांकडे न बघता म्हणाल्या, "गोठवताना काही झालं होतं का त्या दिवशी?"

टाकीवाल्यांनी हाताचा जाड निळा मोजा तेवढा काढला आणि परत घातला.

*

त्या संध्याकाळी ताई न्हाणीघरातल्या आरशासमोर उभ्या होत्या. डाव्या बाजूला, गळपट्टीच्या हाडाच्या वर, कातडीखाली वाटाण्याएवढी गाठ होती. बोटाने दाबली की सरकायची. दुखत मात्र नव्हती. दोन महिन्यांपासून होती. दाढ ठणकत होती तेव्हा आली असेल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं होतं, आणि दाढ बरी झाल्यावर त्या विषयावर स्वतःशी बोलणंच बंद केलं होतं.

आज त्यांनी उजव्या बाजूलाही बोट फिरवलं. तिथे दोन होत्या.

"आई, मीठ कुठे ठेवलंस?" स्वयंपाकघरातून लेकीची हाक आली.

ताईंनी हात काखेत घातला.

"आई!"

घाबरल्या की ताई मोजत. लहानपणापासूनची खोड. समोरच्या भिंतीवर अठरा फरशा आडव्या, अकरा उभ्या. एक फुटकी.

"आई! अगं, ओ तरी दे!"

दारावर थाप पडली. ताईंनी नळ सोडला, बंद केला आणि बाहेर आल्या. लेक हातात डाव घेऊन उभी. वय तेहेतीस, कॉलेजात शिकवायची, आणि जिथे बसेल तिथे एक पुस्तक उपडं ठेवून उठायची.

"तीन हाका मारल्या. दिवसभर पेशींकडून ओ वदवून घेतेस आणि घरात आम्ही घसा फोडायचा?"

"पाणी चालू होतं."

"पाणी नंतर चालू झालं. मी ऐकलं ना." लेकीने निरखून पाहिलं. "तू वाळत चालली आहेस, आई."

"बरंच आहे की. जिना चढताना हलकं वाटतं."

"हलकं वाटतं म्हणून दुसऱ्या मजल्यावर कठड्याला धरून उभी राहतेस? खालच्या काकू सांगत होत्या."

"त्यांना काय, दुसऱ्याचे श्वास मोजायला वेळ आहे."

"आणि तू? तुझा धंदाच मोजायचा."

ताईंनी मिठाची बरणी काढून दिली. ती लेकीच्या डोळ्यांसमोरच होती. जेवताना त्या बऱ्याच बोलल्या; मॅडमच्या, मशीनच्या, टाकीवाल्यांच्या गोष्टी सांगितल्या. प्लेटचं मात्र सांगितलं नाही. सांगायला काय होतं? बॅच गेली होती. बॅचा जातात.

ओ हा शब्द त्यांनी कुठून आणला होता ते प्रयोगशाळेत कोणालाच ठाऊक नव्हतं. लेक सात वर्षांची असताना टायफॉइडने पडली होती. ताप उतरेचना. दुसऱ्या आठवड्यानंतर ती डोळे उघडे ठेवून पडायची, पण त्या डोळ्यांत कोणी नसायचं. तिचे वडील तेव्हा होते; ते उशाशी बसून तिला हाका मारायचे. ताई पायाशी बसायच्या, कारण हाक मारायची त्यांची हिंमत होत नव्हती. हाक मारली आणि उत्तर आलं नाही, तर ते आपण मारलेल्या हाकेला आलेलं नाही असं होईल, ह्याची भीती. एकोणिसाव्या दिवशी दुपारी, खोलीत दुसरं कोणी नसताना, त्यांनी अगदी हळू हाक मारून पाहिली. आणि अंथरुणातून, किड्याच्या पंखासारखा बारीक, पण स्पष्ट आवाज आला होता. ओ.

म्हणून त्या दंड पुढे करून पहिल्या उभ्या राहिल्या होत्या. कोणी कारण विचारलं नव्हतं, त्यांनीही सांगितलं नव्हतं.

*

गुरुवारी सकाळी नव्या प्लेटवर रंग चढला. ह्या वेळी ताईंनी पहिल्यापासूनच मोजलं.

नऊ वर्षांपूर्वीची राखीव व्हायल: एकशे एकतीस. सहा वर्षांपूर्वीची: एकशे सत्तावीस. दोन वर्षांपूर्वीची: एकशे वीस. मागची, म्हणजे सात महिन्यांपूर्वीची: एकोणसाठ. नवी, पहिली व्हायल: पाच. नवी, दुसरी: सहा.

अधूनमधून एखाद्या खेपेतल्या दोन-तीन व्हायल राखीव म्हणून मागे ठेवायच्या, ही टाकीवाल्यांची सवय. ह्याचा नियम कुठेही लिहिलेला नव्हता. "घरात दोन काड्या जास्त असाव्यात," एवढंच ते म्हणत. त्यामुळे आज एका प्लेटवर नऊ वर्षांतल्या ताई ओळीने बसल्या होत्या. एक एक करून हाका मारत जावं आणि उत्तर देणारा आवाज बारीक होत होत बंद व्हावा, तशी ती ओळ होती.

एकोणसाठवर ताईंची नजर अडली. मागच्या वेळी ते आकडे कमी आल्याचं त्यांनी पाहिलं होतं. प्लेटांचा नवा लॉट आला होता तेव्हा. लॉटचा दोष, असं त्यांनीच मॅडमना सांगितलं होतं, आणि चाळीसच्या वर असल्यामुळे कोणी पुढे विचारलं नव्हतं.

"म्हणजे माझंच," मागून टाकीवाले म्हणाले. ते कधी आले ते ताईंना कळलं नव्हतं. "जुन्या सगळ्या ठणठणीत. नवी तेवढी मेलेली."

"मेलेली नाही. जिवंत मोजून घातली मी. शंभरातल्या नव्वद जिवंत होत्या."

"जिवंत असून काय उपयोग, धक्का बसलेल्या असतील. त्या आठवड्यात नायट्रोजनची गाडी एक दिवस उशिरा आली होती, ताई. दोन नंबरच्या टाकीची पातळी खाली गेली होती. फार नाही, चार बोटं. मी लिहून ठेवलंय. मला वाटलं चालेल." त्यांनी मोजा काढला. "सव्वीस वर्षांत एक व्हायल मरू दिली नव्हती. मला वाटलं चालेल."

"चार बोटांनी काही होत नाही."

"मॅडम म्हणाल्या, उद्या अहवाल लिहायचा. चूक कुठे झाली, कोणाकडून झाली. सही माझी. ठीकच आहे. टाकी माझी, तर सहीही माझीच."

ताईंनी तोंड उघडलं. तेव्हा त्यांना सांगता आलं असतं, निदान एवढं तरी, की थांबा, अजून काही सांगता येत नाही. पण त्या नुसत्या मान हलवत राहिल्या, आणि त्या मान हलवण्याचा अर्थ टाकीवाल्यांनी 'हो' असा घेतला.

ते गेल्यावर ताईंनी कंट्रोलचं रजिस्टर काढलं. त्यांना काय बघायचं होतं ते त्यांना पक्कं ठाऊक नव्हतं. म्हणजे ठाऊक होतं. पण कपाटापर्यंतची चौदा पावलं त्यांनी ते ठाऊक नसल्यासारखी टाकली.

रक्त घेतल्याची तारीख. रक्त किती. त्यातून पेशी किती मिळाल्या. शेरा. दर खेपेला रक्त तेवढंच, छोट्या पेल्यात मावेल इतकं, आणि पेशी साडेपाच कोटी, सहा कोटी, पावणेसहा कोटी. वर्षानुवर्षं तेच, दुधाच्या रतिबासारखं ठरलेलं. मागच्या खेपेला अकरा कोटी. शेरा, त्यांच्या स्वतःच्या अक्षरात: छान. आणि शेवटच्या खेपेला, एकतीस कोटी.

तो दिवस त्यांना लख्ख आठवला. नळी यंत्रातून फिरून बाहेर आली तेव्हा मधला पांढरा थर, एरवी नखाएवढा असणारा, बोटभर जाड होता. ताई हरखून गेल्या होत्या. त्यांनी टाकीवाल्यांना हाक मारली होती, "अहो, व्हायल आणा, सहांनी भागायचं नाही आज!" टाकीवाले धावत दुसरं खोकं घेऊन आले होते. "काय खाता काय, ताई? आम्हालाही सांगा." एकतीस व्हायल भरल्या होत्या त्यांनी, लग्नघरातल्यासारख्या गडबडीत. दोन-तीन वर्षं रक्त द्यायला नको म्हणून खूश होत्या.

शेरा: उत्तम!

उद्गारचिन्ह चांगलं ठसठशीत होतं. पेन दाबून काढलेलं.

ताई रजिस्टरासमोर उभ्या राहिल्या. दुसऱ्या कोणाची नळी असती आणि एवढा थर दिसला असता, तर त्यांनी दोन मिनिटांत ओळखलं असतं. ह्या प्रयोगशाळेत येण्यापूर्वी सहा वर्षं त्यांनी इस्पितळात रक्ताच्या स्लाइड वाचल्या होत्या. पण ही नळी त्यांची होती, आणि आपल्या घरात जास्त आलं तर माणूस आधी भांडी शोधतो.

एकतीस कोटी पेशी, आणि त्यांतल्या जवळजवळ सगळ्या एकाच पेशीच्या नकला असल्या, कशालाही न ओळखणाऱ्या, तर खळग्यात ओ द्यायला किती उरतील? चार. सहा. तीन.

अजून एक गोष्ट करून बघायची राहिली होती. ती करायला अडीच मिनिटं लागतात. ताईंना पाऊण तास लागला. आधी त्यांनी टेबल पुसलं. मग पिपेटची टोकं डब्यात नीट लावली, शहाण्णव. मग दार लोटून घेतलं, डाव्या हाताच्या अनामिकेला स्पिरिट लावलं आणि सुई टोचली. काचेच्या पट्टीवर थेंब, दुसऱ्या पट्टीने तो पसरला. हात सराईत होते; ते घाबरले नव्हते. जांभळा रंग घालून त्यांनी पट्टी धुतली, वाळवली आणि मायक्रोस्कोपखाली ठेवली. डोळा लावण्यापूर्वी त्यांना लेकीला हाक मारण्यापूर्वीची ती दुपार आठवली. तशीच शांतता.

मग त्यांनी डोळा लावला.

लहान, गोल, जांभळ्या. सगळ्या एकाच मापाच्या. निरोगी रक्तात नाना तऱ्हा असतात, कोणी मोठी, कोणी वाकडी, कोणाच्या पोटात दाणे. इथे एकच चेहरा, पुन्हा पुन्हा. आणि मधूनमधून त्या पुसट डागांसारख्या, ओल्या शाईवरून बोट फिरावं तशा फुटलेल्या पेशी. इस्पितळातल्या पहिल्याच वर्षी त्यांच्या गुरूंनी त्या दाखवल्या होत्या. ह्या दिसल्या की बोलायचं नाही, गुरू म्हणाले होते. आजाराचं नाव आपण घ्यायचं नसतं. डॉक्टरांकडे जायचं आणि म्हणायचं, ही एकदा बघा. त्यांना समजतं.

ताईंनी एका वर्तुळातल्या पुसट पेशी मोजल्या. अकरा. सरकवून दुसऱ्या वर्तुळातल्या मोजल्या. नऊ. मग त्यांच्या लक्षात आलं की आपण मोजतो आहोत, आणि त्यांनी मोजणं थांबवलं. थांबवल्यावर मात्र काहीच धरायला उरलं नाही. त्या स्टुलावर बसून राहिल्या. मुलीचा चेहरा डोळ्यांसमोर आला. आजचा नाही, डाव हातात घेतलेला नाही. सात वर्षांचा. हिला कोण आहे? एवढंच त्यांच्या मनात येत राहिलं. हिला कोण आहे?

*

शुक्रवारी अकरा वाजता मॅडमच्या खोलीत तिघं बसली. अहवालाचा कागद टेबलावर होता. टाकीवाल्यांनी दाढी करून स्वच्छ शर्ट घातला होता, जसं माणूस परीक्षेला घालतो.

ताई आदल्या रात्री झोपल्या नव्हत्या. पहाटे त्यांनी एक हिशेब मांडला होता. काही न बोलता हे पार पडू शकत होतं. नवी बॅच गेली, गोठवण्यात दोष, टाकीवाल्यांची सही, उरलेल्या अठ्ठावीस व्हायल नष्ट. आपण पुढच्या महिन्यात कुठेतरी लांबच्या डॉक्टरांकडे जायचं, गुपचूप. अजून एक महिना मिळेल. एक महिना मीठ कुठे ठेवलं, जिना का दमवतो, अशा गप्पा चालतील. ह्या एका महिन्याची किंमत काय तर एका माणसाच्या सव्वीस वर्षांवर एक रेघ. तो माणूस ती मारून घ्यायला तयारच होता. त्याला खरं वाटत होतं की चूक त्याची आहे.

"वाचून दाखवते," मॅडम म्हणाल्या. "टाकी क्रमांक दोनमधील नायट्रोजनची पातळी कमी झाल्यामुळे... आणि संबंधित कर्मचाऱ्याने ते वेळेत न कळवल्यामुळे... बरोबर?"

"बरोबर," टाकीवाले म्हणाले आणि पेन मागितलं.

"मॅडम," ताई म्हणाल्या. आवाज इतका बारीक आला की त्यांना खाकरून पुन्हा म्हणावं लागलं. "मॅडम, ही एकदा बघा."

त्यांनी खिशातून कागदात गुंडाळलेली काचेची पट्टी काढून टेबलावर ठेवली.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. त्याही एके काळी इस्पितळात होत्या. खिडकीजवळच्या मायक्रोस्कोपखाली त्यांनी पट्टी लावली. बराच वेळ पाहिलं.

"अरे देवा," त्या स्वतःशी म्हणाल्या. मग कामाच्या आवाजात, "कोणत्या स्वयंसेवकाची ही? त्याला आजच बोलवायला हवं." पट्टी काढून त्यांनी उजेडात धरली. "ताई, नंबर नाही घातलात? तुमच्याकडून?"

पट्टीच्या टोकाला खरखरीत भाग असतो, नंबर लिहायला. तो कोरा होता. एकवीस वर्षांत ताईंनी एकही पट्टी कोरी सोडली नव्हती.

"राहिला," त्या म्हणाल्या.

त्यांनी मॅडमच्या हातातून पट्टी घेतली. कानामागची पेन्सिल काढली. पट्टी टेबलावर आडवी धरून त्यांनी लिहिलं, नेहमीच्या वळणदार अक्षरात: क-१.

मॅडमनी वाचलं. त्या खाली बसल्या.

टाकीवाले जिथे बसले होते तिथून त्यांना अक्षर दिसत नव्हतं. ते एकदा इकडे, एकदा तिकडे पाहत होते. "म्हणजे," ते म्हणाले, "म्हणजे टाकी ठीक होती?" त्यांच्या चेहऱ्यावर इतकं उघडं सुख पसरलं की ताईंना क्षणभर बरं वाटलं. मग त्यांची नजर मॅडमच्या चेहऱ्यावर गेली आणि ते सुख तिथल्या तिथे थिजलं. ते उभे राहिले. खुर्ची मागे पडली. "ताई," ते म्हणाले, "नाही, मला तसं... ताई, मी आपलं..."

"टाकी ठीक होती," ताई म्हणाल्या. "तेच सांगायला आले. खुर्ची उचला ती."

*

मॅडमनी दोन फोन केले. सोमवारी सकाळी साडेनऊची वेळ मिळाली, ओळखीच्या डॉक्टरांकडे. हल्ली औषधं चांगली निघालीत, त्या म्हणाल्या. वर्षानुवर्षं जगतात माणसं. ताईंनी मान हलवली. आकडे त्यांनाही ठाऊक होते. त्यांतले मॅडमनी न सांगितलेलेसुद्धा.

अहवालाचा कागद फाडला गेला. रजिस्टरात 'क-१'च्या पानावर शेवटची ओळ ताईंनीच लिहिली: यापुढे रक्त घेऊ नये. कारणाच्या रकान्यात त्यांनी पेन टेकवलं, उचललं, आणि लिहिलं: दात्री आजारी. वरच्या ओळीतल्या 'उत्तम!'वर रेघ मारायला त्यांचा हात गेला होता. पण रजिस्टरात खाडाखोड करायची नसते. तो तसाच राहिला.

मग त्यांनी लेकीला फोन लावला.

"संध्याकाळी कॉलेज सुटलं की इकडेच ये."

"का? काय झालं?"

"ये तर खरी."

"आई, काय झालं?"

"फोनवर नको," ताई म्हणाल्या, आणि म्हणता म्हणता त्यांना कळलं की सगळं सांगून झालं आहे. मग लेक म्हणाली, "निघतेय. आत्ता निघतेय."

ती येईपर्यंत काय करायचं? ताई टाक्यांच्या खोलीत गेल्या. टाकीवाल्यांनी दोन नंबरच्या टाकीचं झाकण काढलं होतं. पांढरी वाफ काठावरून ओसंडून जमिनीवर पसरत होती आणि त्यांचे बूट त्यात बुडाले होते. नव्या बॅचचं खोकं त्यांनी बाहेर काढून बाजूला ठेवलं होतं, नष्ट करायला.

"आणि राखीव?" ताईंनी विचारलं.

"अकरा आहेत. जुन्या, चांगल्या." ते मान वर न करता बोलले. "सगळ्यांत खालच्या खणात ठेवतोय. तिथे गाडी एक दिवस नाही, आठवडाभर उशिरा आली तरी काही होत नाही."

"प्लेटा तर लागतच राहणार. अकरा किती पुरतील?"

"मॅडम दुसरा कंट्रोल शोधतायत. माझं नाव दिलंय मी. ह्या अकरा मी रोजच्या कामाला देणार नाही, कोणी काही म्हणो. वर्षाला एखादी. नवा माणूस खरं बोलतोय की नाही ते पडताळायला."

"वर्षाला एक," ताई म्हणाल्या. "म्हणजे अकरा वर्षं."

"अकरा वर्षं," ते म्हणाले. दोघांनाही मोजता येत होतं.

टाकीवाल्यांनी खण चिमट्याने धरून हळूहळू खाली सोडला. एकेक व्हायल वाफेत दिसेनाशी झाली. ताई बघत राहिल्या. भीती गेली नव्हती. ती तिथेच होती, छातीच्या मधोमध, मुठीएवढी, आणि आता बहुतेक तिथेच राहणार होती. फक्त तिच्या आजूबाजूला थोडी जागा झाल्यासारखं वाटत होतं, उभं राहण्यापुरती.

बाहेर जिन्यावर धावती पावलं वाजली. चौपन्न पायऱ्या होत्या. ताईंनी मोजल्या नाहीत. पावलं वरच्या पायरीपर्यंत आली आणि काचेच्या दाराशी थांबली. त्या दारातून बाहेरच्या माणसाला आत यायची परवानगी नव्हती.

"आई?"

कॉलेजात शिकवणाऱ्या बाईचा आवाज नव्हता तो. ताईंना वाटलं, आवाज फुटणार नाही. टाकीवाले चिमटा धरून तसेच वाकलेले राहिले. टाकीतून वाफ येत होती आणि बुटांवरून, स्टुलाच्या पायांवरून दाराच्या फटीकडे सरकत होती.

"आई!"

ताईंनी ओ दिली.